फोटो निघतो, पण फोकस होत नाही: आधी माउंट बघा, मग लेन्स उघडा

घटस्थापनेला आठ-दहा दिवस उरले की बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या कॅमेऱ्याच्या दुकानात एकाच तक्रारीची रांग लागते. "ताई, लेन्स नीट बसते, फोटोही निघतो, पण फोकस काही होत नाही." कुणी सेकंडहँड लेन्स घेतलेली असते, कुणाला अमेरिकेच्या मामाने आणून दिलेली असते, कुणाची गेल्या नवरात्रीपर्यंत ठणठणीत चालत होती. तक्रार तिघांची एकच, कारणं तीन. दरवर्षी तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच ठेवते.

दुरुस्तीला टाकण्याआधी पाच मिनिटं काढा. लेन्सवरचा एएफ-एमएफचा, म्हणजे फोकस आपोआप की हाताने हे ठरवणारा, खटका बघा. हसू नका, बॅगेत घालता-काढताना तो सरकतो आणि बरेच जण इथूनच खजील होऊन परत जातात. मग मेनू बघा. कुणीतरी व्हिडिओ पाहून फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर दिलेला असतो आणि नंतर विसरून गेलेला असतो. अंतरही बघा. निकॉनची ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करतच नाही. समोरच्या चहाच्या कपावर चाचणी घेऊन तिला मोडीत काढू नका.

त्यानंतर अदलाबदल. हीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर, आणि दुसरी लेन्स याच बॉडीवर. मित्राचा कॅमेरा दहा मिनिटं मागायला लाज कसली? डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, असेल तर लाइव्ह व्ह्यू लावून मागच्या स्क्रीनवरूनही बघा. व्ह्यूफाइंडरमधून फोकस होत नाही आणि स्क्रीनवर मात्र होतो, तर लेन्स निर्दोष आहे. आरशामागचा छोटा आरसा किंवा कॅमेऱ्याच्या तळातला फोकस सेन्सर, यांच्यात काहीतरी आहे, आणि ते काम घरी करायचं नाही.

एवढं करूनही गाडी अडली, तर एकच प्रश्न उरतो: तुमच्या जोडीत फोकस फिरवतो कोण, बॉडी की लेन्स? याचं उत्तर माउंटवर, म्हणजे बॉडी आणि लेन्स जिथे जुळतात त्या कड्यावर, लिहिलेलं असतं, फक्त वाचता यायला हवं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ऑटोफोकस आला तेव्हा माउंट आधीच प्रौढ झाले होते. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, पेंटॅक्सचा के माउंट १९७५ चा. बॉडी आणि लेन्स यांच्यात काही खटके आणि दांडे, एवढाच संबंध. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, मिटवायचं आणि किती मिटवायचं ते कळवायचं, झालं. वीज इकडून तिकडे जातच नव्हती. १९८१ मध्ये पेंटॅक्सने एमई-एफ काढला. माउंटच्या कड्यावर पाच विजेचे कॉन्टॅक्ट दिले, पण मोटर आणि तिचे सेल दोन्ही लेन्सच्या पोटात. त्यासाठी निघालेली ३५-७० एमएमची लेन्स कधी फोटोत पाहिलीत तर कळेल. खाली हा एवढा फुगवटा. १९८३ मध्ये निकॉनचा एफ३एएफ आला, त्यातही मोटर लेन्समध्येच.

मग १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि डाव फिरला. मिनोल्टाने मोटर बॉडीत घातली आणि माउंटमधून एक बारीक स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला, अक्षरशः पेचकसाचं टोक. लेन्सच्या पाठीवर त्याला साजेशी खाच. लेन्समध्ये फक्त गिअर आणि एक चिप. मी कोण, माझी फोकल लेंग्थ किती, किती फिरवलं तर काच किती सरकेल, एवढं ती बॉडीला सांगते. मोटर एकदाच विकत घ्यायची, लेन्स हलक्या आणि स्वस्त. त्यासाठी मिनोल्टाने आपला जुना माउंट सरळ सोडून दिला. कॅमेरे धडाधड खपले आणि पाठोपाठ पेटंटचा खटला आला. १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर हनीवेल कंपनीच्या हातावर मोजावे लागले.

निकॉनने १९८६ च्या एफ-५०१ मध्ये स्क्रू घेतला, पण माउंट बदलला नाही. जुन्या गिऱ्हाइकाच्या लेन्स वाया जाऊ द्यायच्या नाहीत, हा त्यांचा हट्ट. कॅननने १९८७ मध्ये बरोबर उलटं केलं. ईओएस ६५० सोबत नवा ईएफ माउंट आणला: आतला व्यास ५४ मिलिमीटर, दांडा नाही, खटका नाही, सगळा व्यवहार विजेच्या कॉन्टॅक्टमधून, आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये. कॅननच्याच जुन्या एफडी माउंटच्या लेन्स जमवून बसलेले लोक तेव्हा भयंकर चिडले, आणि चिडायचं त्यांना पुरेपूर कारण होतं.

तीन कंपन्यांचे तीन निर्णय. तुमच्या हातातली तक्रार बहुतेक यातल्याच एकाची आहे.

निकॉन: घर तेच, भाडेकरू बदलत गेले

सगळ्यात जास्त घोळ इथेच. मागच्या वर्षी दांडिया बाजारातला एक मुलगा डी५३०० आणि नुकतीच घेतलेली ५० एमएम डी लेन्स घेऊन आला. चेहरा पडलेला.

"ताई, विकणाऱ्याने फसवलं. मोटर जळकी दिली."

"अरे, मोटर आहेच कुठे हिच्यात?"

लेन्स उलटी करून त्याच्या हातात दिली. धातूच्या कड्यात, स्क्रूच्या डोक्यावर असते तशी एक खाच. बारीक पेचकस लावून मी ती फिरवली, तशी पुढची फोकस रिंग फिरायला लागली. "आता तुझ्या बॉडीत ही खाच फिरवणारं टोक शोध." त्याने माउंटचं कडं दोनदा चाचपलं. नव्हतंच. लेन्स चांगली, कॅमेरा चांगला, आणि दोघांत बोलणं नाही.

२००६ मध्ये डी४० आला, तेव्हा निकॉनने लहान बॉडींतून मोटर काढून टाकली. डी४०, डी६०, त्यानंतरची सगळी डी३००० आणि डी५००० मालिका, म्हणजे डी३५०० आणि डी५६०० पर्यंत, एकातही स्क्रू नाही. डी५०, डी७०, डी८०, डी९० आणि डी७००० ते डी७५०० यांत आहे. नंबर पाठ करायची गरज नाही. माउंटच्या कड्याच्या खालच्या भागात ते टोक दिसतं, आणि बॉडीच्या पुढच्या अंगाला, माउंटच्या शेजारी, फोकसचा खटका असतो. हा खटका एम वर केला की टोक आत ओढलं जातं आणि एएफ वर केला की बाहेर येतं. डोळ्यांनी बघता येतं. त्यामुळे डी९० वर जुनी लेन्स चालेना, तर आधी हाच खटका बघायचा. टोक अर्धवट बाहेर येत असेल तर लेन्स पूर्ण फिरून 'टक' असा आवाज करून बसली नव्हती, हे नेहमीचं कारण.

लेन्समध्ये मोटर परत कधी आली? १९९२ मध्ये मोठ्या टेलिफोटो लेन्समध्ये एएफ-आय नावाने, आणि १९९६ पासून एएफ-एस नावाने. जिच्यावर एएफ-एस लिहिलंय ती या मोटर नसलेल्या बॉडींवर फोकस करणार. मात्र इथे निकॉनने नामकरणाचा एक विनोद करून ठेवलाय. कॅमेऱ्याच्या मेनूतही एएफ-एस असतं, आणि तिथे त्याचा अर्थ 'एकदा फोकस करून थांब' असा आहे. "माझ्या मेनूत एएफ-एस दिसतंय, म्हणजे लेन्स एएफ-एस आहे ना?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता रागसुद्धा येत नाही. नाव लेन्सच्या अंगावर वाचा, मेनूत नाही.

एएफ-पी हे अक्षर असेल तर गंमत उलटी होते. ही २०१६ नंतरची, स्टेपिंग मोटरची लेन्स. नवी, हलकी, आवाज न करणारी, पण डी९०, डी७०००, डी३२०० अशा जुन्या बॉडींवर फोकस करत नाही. डी३३०० आणि डी५३०० वर नवं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, घातल्यावर व्यवस्थित चालते. म्हणजे जुनी लेन्स नव्या लहान बॉडीवर अडते आणि नवी लेन्स जुन्या मोठ्या बॉडीवर. माउंट मात्र दोघींचा १९५९ चाच, म्हणून बसायला दोघी बसतात. गोत्र जुळलं म्हणून पत्रिका जुळली असं थोडंच असतं!

स्क्रीनवर एफ-ई-ई अशी अक्षरं चमकली तर लेन्सवरची ॲपर्चर रिंग हलली आहे. ती सगळ्यात मोठ्या आकड्यावर, बहुधा एफ/२२ वर, न्या आणि शेजारची बारीक खिट्टी लावून टाका. एफ नंतर दोन आडव्या रेघा आल्या तर बॉडीला लेन्सच दिसत नाहीये. त्याचं पुढे, धुळीच्या भागात.

कॅनन: एकतर सगळं, नाहीतर एरर ०१

इथे फिरवतो कोण हा प्रश्नच नाही, नेहमी लेन्सच फिरवते. १९८७ ची ईएफ लेन्स आजच्या ईओएस डीएसएलआरवर फोकस करते. थोडी गुरगुरते, पण करते. लेन्स जुन्या एफडी माउंटची असेल तर ती फोकस करणार नाही, शिवाय साध्या ॲडाप्टरने दूरचं काही स्पष्टही येणार नाही. एफडीत माउंटपासून फिल्मपर्यंत ४२ मिलिमीटर लागत, ईएफमध्ये ४४ आहेत. ते दोन मिलिमीटर कुठून कापणार?

कॅननवाल्यांचं दुखणं म्हणजे एरर ०१, लेन्स आणि बॉडी यांचं बोलणं तुटल्याची खूण. लोक लगेच कॉन्टॅक्ट पुसतात. पुसा, पण त्याआधी एक चाचणी घ्या. ईएफ लेन्समध्ये ॲपर्चरसुद्धा लेन्सच्याच मोटरने मिटतं, आणि ते मिटतं फक्त फोटो काढायच्या क्षणी. म्हणून ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून पाच फोटो काढा, मग एफ/११ वर पाच. उघड्यावर सगळे निघाले आणि एफ/११ वर एरर आली, तर कॉन्टॅक्टचा दोष नाही, ॲपर्चरकडे जाणारी आतली चपटी वायर थकलीय. झूम एका ठराविक जागी आला की एरर, बाकी ठिकाणी नाही, हेही त्याच वायरचं लक्षण. झूम करताना ती हजारो वेळा दुमडते, शेवटी एका घडीवर तुटते. ही वायर बदलता येते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्समध्ये ती बदलण्याचा खर्च जुनी किट लेन्स घेण्याइतका जातो, तेव्हा तिथे मी सरळ "नको" म्हणते.

अमेरिकेच्या मामाची लेन्स

नवरात्रीत न्यू जर्सीहून माणसं येतात, आणि बॅगेतून मॅक्सम लिहिलेली एखादी लेन्स निघते. मॅक्सम म्हणजे मिनोल्टाच, अमेरिकेतलं नाव. अगदी सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर त्यातले दोन एक्स एकमेकांत गुंतलेले असत. एक्सॉन तेलकंपनीने हरकत घेतली, म्हणून पुढे सुटे करावे लागले. असा नमुना मिळाला तर विकू नका, मला दाखवायला आणा.

ही लेन्स सोनीवर चालते का? २००६ मध्ये मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा धंदा सोनीकडे गेला, आणि माउंटही गेला. त्यामुळे सोनीच्या जुन्या अल्फा, म्हणजे ए-माउंट बॉडीवर १९८५ ची लेन्ससुद्धा लागते आणि फोकस करते. पण हल्ली सगळ्यांकडे असते ती ई-माउंटची, २०१० नंतरची मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली, बॉडी. तिच्यात स्क्रू नाही. मग ॲडाप्टरमध्ये मोटर हवी: एलए-ईए४ मध्ये आहे, एलए-ईए५ मध्येही आहे, पण ईए५ ची मोटर काही निवडक बॉडींवरच चालते. एलए-ईए३ मध्ये मोटर नाहीच. ॲडाप्टर घेताना नावातला शेवटचा आकडा बघितला नाही, म्हणून पैसे बुडवलेली दोन माणसं माझ्या माहितीत आहेत.

ॲडाप्टर लावला आणि फोकस गेला

निकॉन झेड घेतलेल्यांची तक्रारही याच घरातली. झेड माउंट २०१८ चा, माउंटपासून सेन्सरपर्यंत अंतर १६ मिलिमीटर. एफ माउंटचं ४६.५. मधले ३०.५ मिलिमीटर भरायला एफटीझेड ॲडाप्टर. त्यात कॉन्टॅक्ट आहेत, ॲपर्चर हलवणारा दांडा आहे, पण फोकसची मोटर नाही. एएफ-एस आणि एएफ-पी छान चालतात. डी लेन्स पुन्हा मुकी.

त्याच वर्षी कॅननने आरएफ माउंट आणला, अंतर २० मिलिमीटर. ४४ वजा २० म्हणजे २४ मिलिमीटरची नळी आणि त्यात तारा, एवढाच त्यांचा ॲडाप्टर. फिरवायला, ढकलायला काही उरलंच नव्हतं, कारण ते सगळं १९८७ मध्येच टाकून दिलेलं होतं. तेव्हा एफडीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि एकतीस वर्षांनी ईएफवाल्यांकडून शाबासकी मिळवली. मी स्वतः निकॉनची, तरी हे कबूल करावंच लागतं.

सिग्मा, टॅमरॉनसारख्या, दुसऱ्यांच्या माउंटसाठी लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांचं एक वेगळंच आहे. त्यातल्या पुष्कळशा लेन्सच्या चिपमधली भाषा मूळ कंपनीने शिकवलेली नसते, ऐकून-ऐकून उचललेली असते. नवी बॉडी एखादा नवा शब्द बोलली की जुनी लेन्स गडबडते. जुन्या कॅमेऱ्यावर ठीक, नव्यावर हट्टी, असं असेल तर आधी फर्मवेअर बघा. सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन हे त्यासाठीच आहेत, पण अगदी जुन्या लेन्सना ते लागू पडत नाहीत.

कालपर्यंत चालत होती

आता खरं बडोद्याचं दुखणं. इथला गरबा अनवाणी पायांनी, मातीच्या मैदानात. हजारो पावलांनी उडालेली ती बारीक धूळ नवलखी मैदानाच्या दिव्यांत तरंगताना दिसते, फोटोत सुंदरही दिसते. त्याच धुळीत उभं राहून आपण घामेजल्या हातांनी लेन्स बदलतो. भाद्रपदातली दमट हवा अजून पुरती गेलेली नसते. कॉन्टॅक्ट सोन्याचा मुलामा दिलेले असतात, ते गंजत नाहीत; पण त्यांच्यावर घाम आणि धूळ मिळून एक पातळ पापुद्रा बसतो. वीज कधी जाते, कधी नाही. मग फोकस मधूनच सुटतो, एफ नंतर रेघा येतात किंवा एरर ०१, आणि लेन्स काढून पुन्हा लावली की तासभर ठीक. काढलं-लावलं की बरं होतंय, हीच कॉन्टॅक्टच्या मळाची खूण, कारण लावताना ते घासून निघतात.

पुसायचं कसं: कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर. लेन्सचे कॉन्टॅक्ट आधी कोरड्या मायक्रोफायबरने. नाही गेलं तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा, थेंब गळता कामा नये, आणि कड्याच्या दिशेने हलका हात. काडी काळी निघेल, दुसरी घ्या, पांढरी निघेपर्यंत. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगवर असतात. बॉडी उलटी, तोंड जमिनीकडे धरून लाकडी टूथपिकने एकेक हलकेच दाबा. सगळ्या सारख्याच उसळायला हव्यात. एखादी आत अडकून राहिली तर थांबा, ते दुकानाचं काम. खोडरबर वापरू नका. त्याचा चुरा सरळ आरशाच्या पेटीत जातो, आणि पॉलिश पेपर लावणाऱ्याशी तर मी बोलतच नाही.

लेन्स माउंटमध्ये किंचित डुगडुगत असेल तर पाठीमागच्या कड्याचे स्क्रू ढिले झालेत. ते जपानी मापाचे, जेआयएस प्रकारचे असतात. घरातला साधा चारधारी पेचकस त्यांची डोकी खातो आणि मग ते ना घट्ट होतात ना निघतात.

आणि लेन्स-बॉडी दोन्ही ठीक असून फक्त गरब्यातच फोकस पुढेमागे धावत राहतो, तर बिघाड शोधू नका, अंधार आहे. सेन्सरला पकडायला उजेड-सावलीची कड लागते. मधला फोकस पॉइंट घ्या आणि तो आभल्यांच्या चनियाचोळीवर ठेवा, काळ्या कुर्त्यावर नको.

दांडिया बाजारच्या त्या मुलाने लेन्स परत केली नाही. डी५३०० वर ऑटोफोकस नसला तरी व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका काम करतो. हाताने रिंग फिरवायची, ठिपका स्थिर झाला की समोरचं स्पष्ट आहे. गरबा गोलात फिरतो, म्हणजे माणसं पुन्हा त्याच जागी येणार. त्याने मैदानातल्या एका खांबावर ठिपका लावला, ॲपर्चर एफ/४ केलं आणि रिंगला हात न लावता खांबाजवळ कोण येतंय त्याची वाट बघत बसला. अष्टमीला पेनड्राइव्ह घेऊन आला होता. चाळीसेक फोटो तरी नीट होते.

दुकानात येणार असाल तर लेन्स एकटी आणू नका. ज्या बॉडीवर अडते ती बॉडी, ॲडाप्टर असेल तर तो, आणि चार्ज केलेली बॅटरी. नवरात्रीच्या नऊ दिवसांत दुपारी चारच्या आत या, त्यानंतर मीही मैदानात असते.